फिल्टर धुण्याचं पाणी

रविवारी सकाळी साडेसातला मी जनरेटरचा प्लग काढते. घराच्या बाजूच्या बोळात, पत्र्याच्या छपराखाली, धुराड्याचं तोंड रस्त्याकडे करून तो जनरेटर ठेवलेला आहे. लहानच आहे, दोघांनी उचलावा एवढा, पेट्रोलवर चालणारा. आमच्या घरात सासूबाई सोडल्या तर त्याच्याइतकी निगा कुणाचीच राखली जात नाही. आणि त्याची निगा राखायची तीही सासूबाईंसाठीच.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी उदगीरला एका डाळ मिलमध्ये सव्वीस वर्षं काम केलं. तुरीचा भुसा, फोलपटं, धूळ. तिथली बाई घरी आली की तिच्या पापण्यासुद्धा पिवळट दिसायच्या, असं माझा नवरा सांगतो. आता त्या लातूरला आमच्याजवळ असतात आणि दिवसातले बावीस तास त्यांच्या नाकात नळी असते. नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन. मशीनला वीज लागते. वीज गेली की इन्व्हर्टर. त्याची बॅटरी जुनी झालेली, मशीन एक तास दहा मिनिटं चालवते. हे मी तीनदा घड्याळ लावून मोजलं आहे. त्याच्यानंतर जनरेटर. जनरेटरनंतर ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर. त्याच्यानंतर काही नाही.

नवरा नांदेडला नोकरीला आहे. शनिवारी संध्याकाळी येतो, सोमवारी पहाटे जातो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. जनरेटर आणला तेव्हा त्याच्यासोबत आलेलं पुस्तक मी तीनदा वाचलं आणि कामाचा भाग मराठीत एका वहीत उतरवून काढला. नवऱ्यानं वही बघितली आणि म्हणाला, "मग आता हे तूच बघ." असं ते काम माझ्याकडे आलं. घरातली बरीच कामं माझ्याकडे अशीच आली आहेत.

काम अवघड नाही. प्लगवरची टोपी उपसायची, प्लगपान्यानं प्लग सोडवायचा, रंग बघायचा. बिस्किटासारखा तपकिरी असला तर इंजिन ठीक आहे. काळा आणि कोरडी काजळी असली तर पेट्रोल जास्त जातंय, हवा कमी पडतेय. ब्रशनं घासायचा, टोकांमधली फट गेजच्या पातीनं मोजायची. सात दशांश मिलिमीटर. पाती अडकतही नाही आणि सैल फिरतही नाही, जराशी घासून जाते, ती बरोबर फट. मग एअर फिल्टर. डबीचं झाकण काढलं की आत फोमचा एक तुकडा असतो, तळहाताएवढा. इंजिन जो श्वास घेतं तो या फोममधून. तो साबणाच्या पाण्यात धुवायचा, पिळायचा नाही, नुसता दाबायचा, सावलीत वाळवायचा, इंजिन ऑइलमध्ये भिजवून जास्तीचं ऑइल दाबून काढायचं आणि परत बसवायचा. फोम माझ्याकडे दोन आहेत. एक बसवलेला, एक वाळत.

वहीत मी रकाने आखले होते. तारीख, प्लगचा रंग, फट, ऑइल, आणि शेवटचा रकाना ओढींचा. म्हणजे दोरी कितव्यांदा ओढल्यावर इंजिन सुरू झालं. पहिले चार महिने त्या रकान्यात एक आणि दोन यांच्याशिवाय आकडा नाही. पाचव्या महिन्यात तीन आला. मग चार. मग पाच. प्लग काळा येऊ लागला. पुस्तकात लिहिलं होतं की धूळ जास्त असेल तर फिल्टर लवकर लवकर धुवावा. आमच्या बोळासमोरचा रस्ता तेव्हा खोदून ठेवला होता, धुळीला तोटा नव्हता. मी महिन्याचं धुणं पंधरा दिवसांवर आणलं. ओढी सात झाल्या. पंधरा दिवसांचं आठ दिवसांवर आणलं. ओढी नऊ झाल्या. दोन नवे प्लग बसवून झाले, तेही महिन्याभरात काळे.

शेजारी एक काका राहतात. बसवर ड्रायव्हर होते, आता घरी असतात. रविवारी मी बोळात पाट टाकून बसले की ते भिंतीपलीकडून डोकावतात.

"जयभीम बाई. झाली का आंघोळ पोराची?"

"झाली काका."

"बाई, तुम्ही हे इंजिन लई धुता. धुऊन धुऊन सर्दी झाली त्याला."

मी हसायची. पण मला राग यायचा. सहा दिवस शाळा, एक दिवस हे, आणि वरून कुणीतरी म्हणतं, तुम्ही जास्त करता. कमी केलं असतं आणि बंद पडलं असतं तर तेच म्हणाले असते की दुर्लक्ष केलं.

आता पाण्याचं सांगायला हवं. आमच्या भागात नळ आठ दिवसांनी येतो, कधी दहा. त्यामुळे घरात पाण्याचे तीन भाग आहेत. नळाचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला. बोअरचं पाणी बाकी सगळ्याला. आणि ऑक्सिजन मशीनला जोडलेल्या बाटलीत विकत आणलेलं शुद्ध पाणी, कारण डॉक्टरांनी तसं बजावलं होतं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला आतून पांढरा थर बसतो. आमच्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही. नळाचं पाणी भांडी विसळायलासुद्धा घ्यायचं नाही, हा घरात मीच घातलेला नियम. हंडे मी मोजून ठेवते, चहाचं पाणी कपानं मोजून घेते. आत्याबाईंना ते आवडत नाही. एकदा त्यांनी हात धुवायला माठातलं पाणी घेतलं म्हणून मी बोलले, तर म्हणाल्या, "पाणी मोजून देणारे लई बघितलेत मी. वरून धार धरायचे, आम्ही खाली ओंजळ." तरी नियम बदलला नाही. नळ आठ दिवसांनी येतो, याला मी काय करणार?

तो गुरुवार एप्रिलमधला. आदल्या दिवशी फोनवर संदेश आला होता की दुरुस्तीसाठी सकाळी अकरा ते दुपारी चार वीज बंद राहील. शाळा सकाळची होती. मी शेवटच्या दोन तासांची रजा टाकून पावणेअकराला घरी पोचले. सिलिंडर घरात नव्हता. तो रविवारी रिकामा झाला होता आणि नवरा सोमवारी भरून आणायला नांदेडला घेऊन गेला होता. त्याच्या ऑफिसजवळ भरून मिळतो. शनिवारी येणार होता.

अकराला वीज गेली. मशीन इन्व्हर्टरवर गेलं. बॅटरी वाचवायची म्हणून मी लगेच बोळात गेले. अकराव्या ओढीला जनरेटर सुरू झाला. तेव्हा सव्वाअकरा झाले होते, म्हणजे बॅटरीतली पंधरा मिनिटं गेली. आवाज एकसारखा नव्हता. चढायचा, उतरायचा, परत चढायचा. मागून काळा धूर. अकरा चाळीसला दोनदा खोकला आणि बंद पडला.

बॅटरीत पंचावन्न मिनिटं उरली होती. बारा पस्तीसपर्यंत.

प्लग काढला. कोळसा. घासला, फट मोजली, बसवला. वीस वेळा दोरी ओढली. माझ्या ओरडण्यानं की कशानं, काका भिंतीला वळसा घालून आले. त्यांनी पंधरा वेळा ओढली. इंजिननं नुसता फुस्स आवाज केला. काका घाम पुसत म्हणाले, "बाई, ते झाकण काढा, फिल्टर बाजूला ठेवा अन् तसंच सुरू करून बघा. आम्ही रस्त्यात गाडी अशीच काढायचो."

"फिल्टरशिवाय इंजिन कधीही चालवू नये, असं लिहिलंय काका."

"कुठं लिहिलंय?"

"पुस्तकात."

"पुस्तकवाल्याची आई हाय का आत?"

मी नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, सिलिंडर उद्या मिळेल. म्हणाला, "रिक्षा करून दवाखान्यात ने." तेवढं मलाही कळत होतं. पण मागच्या खेपेला दवाखान्यात नेल्यावर आत्याबाई अकरा दिवस तिथेच राहिल्या होत्या आणि येताना म्हणाल्या होत्या, पुन्हा मला तिथं न्यायचं न्हाई, घरात काय व्हायचं ते होऊ दे. मी ठरवलं, बारा पंचवीसला रिक्षा. तोपर्यंत प्रयत्न.

बारा वाजून पाच मिनिटांनी मी आत गेले. आत्याबाई खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. नळी नाकात, बोटाला ऑक्सिजन मोजणारं छोटं यंत्र. एक्क्याण्णव. त्यांना सगळं ऐकू येत होतं. खिडकी बोळावरच उघडते. खिडकीच्या कट्ट्यावर ताटलीत मी रविवारी धुतलेला दुसरा फोम वाळत ठेवला होता, अजून ऑइल न लावलेला. तो त्यांनी हातात घेतला होता.

"ही भांड्याची घासणी इथं कशाला ठिवलीस गं?"

"घासणी नाही आत्याबाई. जनरेटरचा फिल्टर आहे तो. ठेवा खाली."

"फिल्टर म्हंजी?"

"त्यातून इंजिन हवा ओढतं. धूळ अडते त्याच्यात."

त्यांनी तो दोन बोटांत धरून वाकवला. बारीक करकर आवाज झाला. त्यांच्या निळ्या लुगड्यावर पांढरी पूड सांडली. त्यांनी ती बोटानं टिपून जिभेला लावली. मी ओरडणार होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बोअरच्या पाण्यात धुतलीस."

"मग कशात धुणार?"

"ह्यातून कुणाला श्वास येईल गं? मला न्हाई यायचा, त्या मशिनीला काय येईल?"

मग थांबून, दम घेऊन, तुकड्यातुकड्यानं त्यांनी सांगितलं. मिलमध्ये सगळ्या बाया तोंडाला फडकं बांधायच्या. दुपारच्या सुट्टीत मिलच्या बोअरवर ते धुऊन तारेवर टाकायच्या. पाच-सहा धुण्यांत फडकं पापडासारखं कडक व्हायचं. बांधलं की जीव गुदमरायचा. धूळ यायची नाही, पण वाराही यायचा नाही. बाया मग फडकं काढून टाकायच्या आणि तसंच काम करायच्या. "मग आमच्यातली एक म्हातारी म्हणली, पोरींनो, घरून प्यायचं पाणी आणता ना, त्यातलं तांब्याभर फडक्याला ठिवा. ज्यांनी ठिवलं त्यांचं फडकं मऊ राहिलं." मी विचारलं, "तुम्ही ठेवलं?" त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात तहान लई लागायची."

मी तो फोम उजेडात धरला. भोकं पांढरी भरलेली होती. साबणाला फेस येत नाही म्हणून मी दर वेळी जास्त साबण घालत होते, आणि तो साबण बोअरच्या पाण्यात फाटून गाळासारखा आतच बसत होता. वरून ऑइल लावलं की काही दिसायचं नाही. जितकी जास्त वेळा धुतलं तितकी भोकं बुजली. वहीत तारीख होती, फट होती, ऑइलचे थेंबसुद्धा होते. पाण्याचा रकाना नव्हता. तो घालावा असं मला सुचलंच नव्हतं, कारण घरात कुठल्या कामाला कुठलं पाणी हे ठरलेलं होतं आणि ते मीच ठरवलं होतं.

बारा पंधरा. मी बोळात जाऊन झाकण काढलं, आतला फोम उपसून बाहेर ठेवला. काकांना म्हटलं, "करा सुरू." ते माझ्याकडे बघतच राहिले. मग मीच म्हटलं, थांबा, आणि बोअरच्या पाण्याच्या दोन बादल्या बोळात आणि रस्त्याच्या कडेपर्यंत शिंपडल्या, म्हणजे निदान धूळ उडू नये. ते पाणी तेवढ्याला चांगलं होतं. प्लग पुन्हा पुसून बसवला. पहिल्या ओढीला गुरगुरला. दुसऱ्या ओढीला सुरू झाला आणि एका सुरात चालू लागला. तो सूर मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

"पोराचं नाक मोकळं झालं," काका म्हणाले.

मला हसायचं होतं. मी पायरीवर बसले आणि घड्याळ बघितलं. बारा बावीस.

चार वाजेपर्यंत मी तासातासाने बोळात शिंपण करत राहिले. मधल्या वेळात फोम धुवायला घेतले. बोअरची बादली आपोआप ओढली आणि थांबले. माठात तेव्हा दोन हंडे पाणी होतं आणि नळ यायला तीन दिवस होते. आत्याबाई आतून बघत होत्या. त्यांनी उशाचा तांब्या, प्यायच्या पाण्याचा, माझ्याकडे सरकवला.

"ह्यातलं घे."

"तुम्हाला लागेल ना."

"आता कुठं उन्हात काम हाय मला?"

मी तांब्या घेतला. तो पुरला नाही. मग माठातलं घेतलं. चार पाणी लागली. पहिलं दुधासारखं गढूळ निघालं, चौथं स्वच्छ. चारला वीज आली, बोटावरचा आकडा ब्याण्णव होता. नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी त्याला एवढंच सांगितलं की सुरू झाला. कसा ते सांगायचा कंटाळा आला होता.

त्याला आता वर्ष होत आलं. वहीत पाण्याचा रकाना आहे. ओढींच्या रकान्यात पुन्हा एक आणि दोन. प्लग बिस्किटाच्या रंगाचा निघतो. फोम मी पुन्हा महिन्यातून एकदाच धुते, नळाच्या पाण्यात. रविवार मात्र रिकामा झालेला नाही. त्या वेळेत आत्याबाईंच्या मशीनची जाळी धुवायची असते, त्यांचे केस धुवायचे असतात, पाठीला तेल लावायचं असतं. मी दमते. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, पण ते आहे.

एक गोष्ट मात्र त्या गुरुवारपासून त्यांच्याकडे गेली. फोम वाळला की आधी त्यांच्याकडे जातो. त्या नळी जराशी बाजूला करतात, फोम ओठांना लावतात, दुसऱ्या बाजूला तळहात धरतात आणि फुंकतात. वारा तळहाताला लागला की म्हणतात, "व्हय, पास." मग मी ऑइल लावते. मास्तरीणबाईंची परीक्षा घ्यायलेय मी, असं त्या काकांना खिडकीतून सांगतात.

मागच्या महिन्यात फोम वाळला. मी चार पाणी घालून, उजेडात धरून बघितला होता, भोकं मोकळी होती. त्यांनी तो ओठांना लावला, हात धरला, फुंकलं. थांबल्या. परत फुंकलं. गळ्याच्या शिरा वर आल्या.

"न्हाई येत गं वारा. नापास."

मी फोम घेतला. स्वयंपाकघरात गेले, ओट्याकडे तोंड करून फुंकून बघितलं. माझ्या तळहाताला वारा सरळ लागला. दुसऱ्यांदा बघितलं. तसाच लागला.

बाहेर येऊन म्हटलं, "हो, राहिलाय थोडा क्षार. घाईत धुतला मी."

"मग? तुला वाटतं म्हातारीला कळत न्हाई."

"परत धुते."

नळ यायला दोन दिवस होते. माठात एक हंडा आणि वर थोडं. मी ते पाणी परातीत घेतलं, त्यांना दिसेल अशा जागी, खिडकीखाली बसून तो स्वच्छ फोम पुन्हा धुतला. एक पाणी, दोन पाणी, तीन. त्या वरून बघत होत्या. चौथ्याला म्हणाल्या, "बास कर. पाणी जायलंय."

वहीत मी त्या दिवशी लिहिलं : पाणी नळाचं, धुणं दोनदा, फोम ठीक. शेवटचे दोन शब्द लिहायला मला वेळ लागला. प्रत्येक रकाना खरा भरायचा, ही माझी सवय आहे. तोही खराच होता.